राजकारण्यांवरचा राग आणि कष्टकऱ्याचे मत : गोव्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिचोली, फोंडा, पेडणे, सांगे या भागांतून मला सतत येणाऱ्या प्रश्नांची ही उत्तरे. विचारणारे बहुतेक जण कंत्राटावर काम करणारे, टॅक्सी चालवणारे, कधीकाळी खाणीवर ट्रक लावलेले, नाहीतर मुलाच्या नोकरीसाठी आमदाराच्या दारात फेऱ्या मारून थकलेले आईबाप. प्रश्न शक्य तितके त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. एकाचे उत्तर दुसऱ्यात आले असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. सगळे जण पुढाऱ्यांना शिव्या घालतात, मग मतदानाला एवढ्या रांगा कशा लागतात?

२०१७ च्या विधानसभेला गोव्यात ८२ टक्क्यांच्या पुढे मतदान झाले, २०२२ ला ७९ टक्क्यांच्या आसपास. मोठ्या शहरांत चिडलेला माणूस मतदानाच्या दिवशी घरी बसतो. आमच्याकडे तो रांगेत उभा राहतो. याचे मोठे कारण मतदारसंघाचा आकार. २०२२ मध्ये साडेअकरा लाखांच्या आसपास मतदार आणि ४० जागा, म्हणजे एका आमदारामागे तीस हजारांच्या आत मतदार. महाराष्ट्रात हाच आकडा तीन लाखांच्या वर जातो.

एवढ्याशा मतदारसंघात उमेदवार तुमच्या घरच्या बाराव्याला येऊन गेलेला असतो, गणेशचवथीला त्याची माणसे दारात येतात. मतदानाच्या दिवशी कोण आले आणि कोण राहिले याची यादी दुपारपर्यंत बूथबाहेरच्या टेबलावर तयार असते, मग उरलेल्यांच्या दारात गाडी उभी राहते. शंभर-दोनशे मतांनी जागा इकडची तिकडे होते हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे ‘माझ्या एका मताने काय होणार’ असे फारसे कुणी म्हणत नाही. राग मतातून बाहेर येतो खरा. पुढे त्याचे काय होते, ते ५, ६ आणि १० मध्ये.

२. हा राग नेमका कशाचा? पगाराचा, महागाईचा, की आणखी कशाचा?

पगाराचा आहेच. एकाच इस्पितळात, एकाच पाळीत, तेच काम करणाऱ्या दोघांपैकी कायम कामगाराला वेतन आयोग लागतो आणि कंत्राटी माणसाला दरवर्षी ‘रिन्यू होईल ना?’ म्हणून धास्ती. गावातली जमीन दिल्लीवाल्याने व्हिलासाठी घेतली की शेजारच्याला घरासाठी दोनशे मीटर परवडत नाही, हाही राग आहे. पण लोकांशी बोलताना सगळ्यात खोल लागलेले दिसते ते वेगळेच : हक्काच्या गोष्टीसाठी दारात उभे राहावे लागते याचे.

कोणत्याही आमदाराच्या बंगल्यावर सकाळी साडेसातला जाऊन पाहा. पडवीत प्लास्टिकच्या खुर्च्या, आल्या क्रमाने बसलेली माणसे. एका बाईच्या मांडीवर पारदर्शक फाइल. तिच्यात मुलाचा आयटीआयचा दाखला, पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला, एम्प्लॉयमेंट एक्सचेंजचे कार्ड, प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स. आमदार बाहेर येतो, फाइल न उघडता पीएकडे देतो, ‘बघूया’ म्हणतो. पीए वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने वाडा आणि बूथ नंबर लिहितो. बाई उठते, तिच्या खुर्चीवर पुढचा माणूस सरकतो. मुलासाठी ती मागते ती सरकारी जागा जाहिरात काढून, परीक्षा घेऊन भरायची असते. त्या फाइलीचे या पडवीत काहीच काम नाही. तरीही ती बाई पुढच्या सोमवारी परत येते, कारण शेजारणीच्या मुलाचे काम असेच झाले असे तिने ऐकलेले असते.

याला जोड मिळते ती पुढाऱ्यांच्या वाढत्या मालमत्तेची. त्यावर चहाच्या टपरीवर अंदाज बांधण्यापेक्षा प्रतिज्ञापत्र वाचा. उमेदवाराला अर्जासोबत मालमत्ता, कर्ज आणि गुन्हे जाहीर करावे लागतात, ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. एकाच माणसाची २०१७ आणि २०२२ ची प्रतिज्ञापत्रे शेजारी ठेवली की बरेच काही आपोआप कळते.

३. आमचे आजोबा म्हणायचे, भाऊसाहेबांच्या वेळी गरिबाचे राज्य होते. तेव्हा असा राग नव्हता का?

होता, आणि आजच्यापेक्षा जास्त होता. फक्त तेव्हा तो कुणावर आहे हे स्पष्ट होते. डिसेंबर १९६३ मध्ये गोव्यात पहिली विधानसभा निवडणूक झाली, तेव्हा बहुजन समाजासमोर भाटकार, म्हणजे जमीनदार, उभा होता. कूळ त्याच्या शेतात राबायचे, मुंडकार त्याच्या जमिनीवरच्या झोपड्यात राहायचा आणि ‘उठ’ म्हटले की उठायचा. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने (मगोने) हा राग मतपेटीपर्यंत नेला आणि दयानंद बांदोडकर, म्हणजेच भाऊसाहेब, पहिले मुख्यमंत्री झाले. ते स्वतः खाणमालक होते, तरी कष्टकऱ्याला आपले वाटले, कारण मतामागोमाग गावोगाव प्राथमिक शाळा आल्या आणि १९६४ चा कूळ कायदा आला. मुंडकारांना बेदखल होण्यापासून वाचवणारा कायदा १९७५ चा आणि कुळांना जमिनीचा मालक करणारी पाचवी दुरुस्ती १९७६ ची. ही दोन्ही कामे शशिकला काकोडकर यांच्या कारकिर्दीतली.

तो मतदार पुढाऱ्यामागे डोळे मिटून जाणारा होता असे मात्र समजू नका. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीन होण्याच्या बाजूने १,३८,१७० मते पडली, विरोधात १,७२,१९१. विलीनीकरण हा तर मगोचा मूळ मुद्दा, तोच हरला. आणि त्याच वर्षी मार्चमध्ये याच मतदारांनी मगोला पुन्हा सत्तेवर बसवले. भाटकाराविरुद्धची लढाई आणि विलीनीकरण या दोन गोष्टी लोकांनी एकमेकींपासून वेगळ्या काढल्या. एवढे बारीक मतदान आजही क्वचित दिसते. आजोबांचे बरोबर आहे ते इथे : त्यांच्या मताचा परिणाम त्यांना सातबाऱ्यावर, इथल्या भाषेत एक-चौदावर, वाचता आला. पुष्कळ मुंडकारांचे दावे आजही मामलेदारांकडे पडून आहेत, तेवढा भाग अपुराच राहिला.

४. खाण बंद पडली, ट्रक विकावा लागला, तरी आमच्या भागात सत्ताधारीच निवडून येतो. असे का?

२०१२ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. मध्ये काही काळ खाणी चालल्या. मग फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ लीजचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चच्या मध्याला काम पुन्हा ठप्प झाले. ट्रकवाला, बार्जवाला, मशीनवरचा ऑपरेटर, गॅरेज, टायरचे दुकान, खानावळ, सगळे एका रात्रीत बसले.

हा राग चार ठिकाणी वाटला गेला. कुणी न्यायालयाला दोष दिला, कुणी याचिका करणाऱ्या पर्यावरणवाद्यांना, कुणी बेकायदा खनिज काढणाऱ्या मालकांना, कुणी सरकारला. मतपत्रिकेवर यातले फक्त सरकार असते, आणि ते ‘खाणी सुरू करायला आम्हीच लढतोय’ असे सांगत दारात येते. ज्याच्या हातून काम परत सुरू व्हायची आशा आहे त्याला दुखवायचे कसे, असा विचार करून पुष्कळांनी मत दिले. ते मला ठाऊक आहे, आणि हप्ता थकलेल्या माणसाला त्यासाठी बोल लावावासा मला वाटत नाही.

तरी २०२२ चे निकाल नीट वाचा. साखळी मतदारसंघात खुद्द मुख्यमंत्री प्रमोद सावंत ६६६ मतांनी वाचले. डिचोलीने दोन्ही मोठ्या पक्षांना बाजूला ठेवून अपक्ष डॉ. चंद्रकांत शेट्ये यांना निवडले. मग त्या अपक्षाने सरकारलाच पाठिंबा दिला, म्हणजे राग फिरून जिथून निघाला तिथेच आला. शहा आयोगाने बेकायदा खाणकामाने झालेले नुकसान सुमारे ३५,००० कोटी रुपयांचे सांगितले होते. त्यातले वसूल किती झाले, हे प्रचाराला आलेल्या प्रत्येकाला खाणपट्ट्यातल्या माणसाने विचारले पाहिजे. तो पैसा गेला तो याच डोंगरांतून.

५. ज्याला पाडायला मत दिले, आमचा आमदार निवडून आल्यावर त्याच्याच पक्षात गेला. हे कायद्यात बसते कसे?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि तो विचारताना लोकांचा आवाज बदलतो.

राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टात पक्षांतरबंदी आहे. ती १९८५ मध्ये आली. सुरुवातीला एक तृतीयांश आमदार फुटले तर वाचत, २००३ च्या दुरुस्तीने ती पळवाट बंद झाली. राहिली ती विलीनीकरणाची : विधिमंडळ पक्षातले दोन तृतीयांश जण एकत्र दुसऱ्या पक्षात गेले तर अपात्र ठरत नाहीत. मोठ्या राज्यात दोन तृतीयांश जमवायला पन्नास-साठ माणसे लागतात. गोव्यात एका गाडीत मावतील एवढी पुरतात. १० जुलै २०१९ रोजी काँग्रेसच्या १५ पैकी १० जणांनी भाजपची वाट धरली. त्याआधी मार्चमध्ये मगोच्या तिघांपैकी दोघे गेले होते. अपात्रतेच्या याचिका सभापतींपुढे चालतात. त्या २०२१ मध्ये फेटाळल्या गेल्या, म्हणजे पाच वर्षांच्या मुदतीतली चार वर्षे उलटल्यावर.

२०२२ च्या निवडणुकीआधी काँग्रेसच्या उमेदवारांनी देऊळ, क्रूस आणि दर्गा अशा तिन्ही ठिकाणी जाऊन पक्ष न सोडण्याची शपथ घेतली. ११ निवडून आले. १४ सप्टेंबर २०२२ ला त्यातले ८ भाजपमध्ये गेले. देवासमोरची शपथ ही कष्टकऱ्याच्या घरात शेवटची गोष्ट असते, तिच्यापुढे काही नसते. ती मोडलेली पाहिल्यावर ‘सगळे सारखेच’ हे वाक्य गावात घट्ट बसले, आणि माझ्या मते गोव्याच्या लोकशाहीचे सगळ्यात मोठे नुकसान त्या वाक्याने केले आहे. सगळे सारखे मानले की मग मत देताना पाहायचे ते एवढेच उरते की कोण काय देतो.

६. मग फुटलेल्यांना लोक धडा शिकवतात का? की ते परत निवडून येतात?

शिकवतात. २०१९ मध्ये गेलेल्या दहांपैकी २०२२ ला तिघेच परत विधानसभेत पोचले : बाबूश मोन्सेरात, जेनिफर मोन्सेरात आणि नीळकंठ हळर्णकर. त्या वेळी विरोधी पक्षनेते असून फुटलेले बाबू कवळेकर केपे मतदारसंघात पडले. सांत आंद्रेत फ्रान्सिस सिल्वेरा ७६ मतांनी हरले. दहांतले सात, हा आकडा ‘लोक विसरतात’ म्हणणाऱ्यांना सांगत जा.

फरक पडला तो मतदारसंघाच्या बांधणीमुळे. जिथे आमदाराचे स्वतःचे जाळे पक्षापेक्षा मोठे आहे, पंचायत त्याची, पालिका त्याची, नोकऱ्या त्याच्या शब्दावर लागलेल्या, तिथे तो कोणत्याही चिन्हावर तरतो. जिथे लोकांनी माणसाकडे न पाहता पक्षाला मत दिले होते, तिथे फुटीराला झोडपले गेले. अडचण ही की ही शिक्षा पाच वर्षांनी मिळते, आणि तोवर नवे लोक निवडून येऊन तेच करतात.

७. नोटा दाबला तर पुढाऱ्यांना कळेल ना? की घरीच बसावे?

नोटाचे, म्हणजे ‘वरीलपैकी कुणीही नाही’ याचे, बटण सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१३ च्या निकालाने आले. विधानसभेच्या किंवा लोकसभेच्या निवडणुकीत नोटाला सगळ्यात जास्त मते पडली तरी दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार विजयी होतो, फेरनिवडणूक होत नाही. तुमचा निषेध मोजला जातो, एवढेच. घरी बसलात तर तेवढीही नोंद नाही.

७६ आणि ६६६ हे आकडे वर आलेच आहेत. तुम्ही रागाने नोटा दाबता तेव्हा ज्याच्यावर सगळ्यात जास्त राग आहे त्याच्या विरोधातले एक मत कमी होते. ज्याला उमेदवारांत खरोखर काहीच फरक दिसत नाही त्याने नोटा दाबावा, तो त्याचा हक्क आहे. पण आधी फरक शोधायला एक संध्याकाळ तरी द्यावी.

८. पैसे सगळ्यांचे घ्यायचे आणि मत हवे त्याला द्यायचे, यात वाईट काय? आमचाच पैसा आहे तो.

हा युक्तिवाद मी शेकडो तोंडांतून ऐकला आहे आणि त्यामागचा राग मला कळतो. तरी दोन गोष्टी समजून घ्या.

पहिली कायद्याची. भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० प्रमाणे मतासाठी लाच देणारा आणि घेणारा दोघेही गुन्हेगार आहेत. कलम १७३ मध्ये एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही आहे. पाकीट, मिक्सर, वीजबिल भरणे, सगळे यात येते. तक्रार सी-व्हिजिल अॅपवर फोटो काढून करता येते, शंभर मिनिटांत तिची दखल घ्यावी असा आयोगाचा नियम आहे. १९५० हा फोन क्रमांकही आहे.

दुसरी हिशेबाची. गोव्यात विधानसभा उमेदवाराची खर्चमर्यादा २८ लाख रुपये आहे. तीस हजार मतदारांना वाटायला लागले तर माणशी शंभर रुपयेसुद्धा त्यात बसत नाहीत. म्हणजे पाकिटातला पैसा हिशेबाबाहेरचा, आणि हिशेबाबाहेरचा पैसा कुणीतरी वसुलीसाठीच लावलेला असतो : डोंगर कापायच्या परवान्यासाठी, शेतजमिनीचे झोन बदलण्यासाठी, कंत्राटासाठी. तुम्ही मत हवे त्याला दिले तरी पैसा वाटणाऱ्याला हिशेब सोपा पडतो. हजार जणांना दिले, सहाशे आले, चालते. पुढे रस्त्यासाठी तुम्ही दारात गेलात की तो मनात म्हणतो, यांचे देणे मी चुकते केले आहे. माझे स्पष्ट मत आहे की घेऊ नका.

९. कुणाला मत दिले ते आमदाराला कळते म्हणतात. खरे आहे का?

तुमचे एकट्याचे मत कळत नाही. मतयंत्राला जोडलेल्या व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद काचेआड दिसते ती फक्त तुम्हाला, नंतर पेटीत पडते. २०१७ ला सगळ्या मतदारसंघांत व्हीव्हीपॅट वापरणारे गोवा हे पहिले राज्य. चिठ्ठीवर तुमचे नाव नसते. ‘यंत्रात कॅमेरा आहे’, ‘बोटाच्या ठशावरून कळते’ या धमक्या खोट्या आहेत.

पण तुमच्या वाड्याचे मत कळते. मतमोजणीनंतर केंद्रनिहाय आकडे जाहीर होतात, आणि गोव्यात एका केंद्रावर काही शेकड्यांतच मतदार असतात. एका वाड्याचे एक केंद्र असेल तर त्या वाड्याने कुणाला उचलले हे उघड होते. अनेक केंद्रांची मते एकत्र मिसळून मोजण्याच्या यंत्राची शिफारस निवडणूक आयोगाने केली होती, ती अमलात आली नाही. म्हणून ‘तुमच्या वाड्याने मते दिली नाहीत, नळ कसा येणार’ हे वाक्य ऐकू येते. असे कुणी जाहीरपणे म्हणाले तर रेकॉर्ड करा. निवडणुकीच्या काळात ही धमकी गुन्हा ठरते.

१०. नोकरी आमदारच देतो. मग त्याच्या विरोधात मत कसे देणार?

गोव्यात राग आणि मत यांच्यात जी गाठ बसते ती याच ठिकाणी. माणूस आमदारावर चिडलेला असतो आणि त्याच वेळी मुलाची फाइल त्याच्याकडे असते. चीड संध्याकाळच्या गप्पांत निघते, मत फाइलीला जाते. घरात चार मते असतील तर तिन्ही-चारही. या एका नोकरीच्या आशेवर किती घरे दहा-दहा वर्षे बांधली गेली आहेत, हे पाहून जीव तुटतो.

आमदाराला सरकारी नोकरी देण्याचा अधिकार कायद्याने नाही. २०१९ च्या कायद्याने राज्यात कर्मचारी निवड आयोग आला, त्याच्यामार्फत संगणकावरच्या परीक्षेने भरती होते. मुलाला पडवीतल्या खुर्चीऐवजी त्या परीक्षेच्या अभ्यासाला बसवा, त्यातून नोकरी लागलेली मुले आता गावागावांत भेटतात. २०२४ च्या शेवटी सरकारी नोकरी लावतो म्हणून लाखो रुपये घेणाऱ्यांना पोलिसांनी एकामागून एक अटक केली. पैसे देणाऱ्यांत दागिने मोडलेले, जमीन गहाण ठेवलेले लोक होते. पैसे दिले असतील आणि फसला असाल तर पोलिसांत जा. पावती नसली तरी बँकेतून काढल्याची नोंद आणि फोनवरचे मेसेज हा पुरावा असतो.

११. विरोधात मत दिले तर गृह आधार बंद होईल का?

होत नाही, होऊ शकत नाही. गृहिणींसाठीच्या गृह आधार योजनेचे महिना १,५०० रुपये आणि वृद्ध, विधवा, अपंगांसाठीच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे २,००० रुपये हे उत्पन्न, वय, रहिवास अशा अटींवर खात्यात येतात. मताची अट कुठेही नाही. मात्र हयातीचा दाखला किंवा वार्षिक फॉर्म राहिला की पैसे थांबतात, आणि नेमके त्याच वेळी कुणीतरी ‘बघा, मत दिले नाही ना’ म्हणतो. आधी खात्यात जाऊन कारण विचारा.

१२. आमची कामे भायल्यांनी (बाहेरून आलेल्यांनी) घेतली, मतेही तेच देतात. रागावू नको तर काय करू?

रिव्होल्युशनरी गोवन्स या नव्या पक्षाने २०२२ मध्ये हाच राग उचलला. पहिल्याच विधानसभा निवडणुकीत ९ टक्क्यांहून अधिक मते आणि सांत आंद्रेची एक जागा मिळाली. जुन्या पक्षांनी दुर्लक्षिलेल्या तरुणांना कुणीतरी बोलते केले, याचे श्रेय त्यांना द्यायला हवे.

मत देण्याचा नियम असा : भारताचा नागरिक, १८ वर्षे पूर्ण आणि त्या ठिकाणी सर्वसाधारणपणे राहणारा. बिहार किंवा कर्नाटकातून येऊन इथे राहणाऱ्याला नाव घालता येते, पण मूळ गावचे नाव ठेवून नाही. दोन ठिकाणी नाव असणे बेकायदा आहे. एकाच खोलीच्या पत्त्यावर तीस नावे दिसली तर हरकत घ्या, त्यासाठी अर्ज असतो.

कामाचे मात्र मला वेगळे दिसते. वेर्ण्याच्या कारखान्यात कंत्राटदार परप्रांतीय मुलगा घेतो, कारण तो बारा तास राबतो आणि पीएफ मागत नाही. ती सूट कंत्राटदाराला देणारा कोण? ना तपासणी, ना किमान वेतनाची सक्ती. सांकवाळच्या खोलीत आठ जणांत झोपणारा तो मुलगा आणि फर्मागुडीच्या बसस्टॉपवर उभा असलेला आमचा मुलगा, दोघांना कमी पैशांत राबवणारी व्यवस्था एकच आहे. राग खालच्या माणसावर गेला की वरचा निवांत राहतो. स्थानिकांना नोकरी द्या ही मागणी रास्त आहे, ती कंपनीच्या फाटकावर आणि कामगार आयुक्तांकडे न्या.

१३. आंदोलन करणारा तालुका पुन्हा त्याच सत्ताधाऱ्यांना कसा निवडतो? सत्तरी तालुक्यात तसेच झाले ना?

शेळ-मेळावलीत आयआयटीला लोकांनी, विशेषतः बायकांनी, कसून विरोध केला. जानेवारी २०२१ मध्ये पोलिसांशी झटापट झाली आणि १५ तारखेला मुख्यमंत्र्यांना प्रकल्प तिथून हलवल्याचे जाहीर करावे लागले. वर्षभराने वाळपईत मंत्री विश्वजित राणे निवडून आले, शेजारच्या पर्येत दिव्या राणे राज्यातल्या सगळ्यात मोठ्या फरकाने.

याला विसंगती म्हणायला मी तयार नाही. राणे यांनी शेवटी प्रकल्प हलवण्याची मागणी उचलून धरली, त्यामुळे राग पणजीच्या सरकारवर राहिला आणि स्थानिक नेता त्यातून सुटला. सत्तरीत कसणाऱ्यांच्या नावावर जमीन नसणे हे जुने दुखणे आहे, आणि ज्याच्या पायाखालची जमीन कागदावर त्याची नाही तो माणूस तालुक्यातल्या सगळ्यात ताकदवान घराशी वैर घेताना दहा वेळा विचार करतो. आंदोलनात सगळा गाव बरोबर असतो. मामलेदार कचेरीत तो एकटाच जातो.

१४. पंचायत निवडणुकीत तरी हा राग चालतो का?

पंचायत पक्षचिन्हावर लढली जात नाही, जिल्हा पंचायत लढली जाते. त्यामुळे पंचाला पाडताना लोक मोकळे असतात, काही शेकडा मतांच्या प्रभागात चेहरे पटापट बदलतात. पण कष्टकऱ्याची खरी ताकद ग्रामसभेत आहे, कारण तिथे पाच वर्षे थांबावे लागत नाही. ठराव लेखी द्या, इतिवृत्तात आला की नाही ते पुढच्या सभेत वाचायला लावा. रविवारी सकाळी बाजार सोडून तिथे बसणे जड जाते हे खरे, म्हणून वाड्यातून पाळीपाळीने दोघे-तिघे जा.

१५. मी हॉटेलात रोजंदारीवर आहे. मतदानाला पगारी सुट्टी मिळते का?

मिळते. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १३५ ब रोजंदारीच्या कामगारालाही लागू आहे, त्या दिवसाची मजुरी कापता येत नाही. गैरहजेरीने धोका किंवा मोठे नुकसान होईल अशा कामांनाच अपवाद आहे. हॉटेलचे वेटिंग किंवा शॅकचे काम त्यात बसत नाही. मालक ऐकत नसेल तर १९५० वर कळवा.

१६. मुलगा बोटीवर आहे आणि भावाने पोर्तुगीज पासपोर्ट काढला. दोघांची मते इथे राहतात का?

तारवटी मुलाचे राहते. कामासाठी तात्पुरते बाहेर असल्याने त्याचा इथला रहिवास संपत नाही, नाव यादीतून काढता येत नाही. बोटीवरून मत देण्याची सोय मात्र नाही, टपाली मत सैन्य वगैरे ठरलेल्या गटांनाच आहे. मतदानाच्या वेळी तो घरी असला तरच मत. २०२५ च्या अखेरीस गोव्यातही मतदार याद्यांची विशेष सखोल फेरतपासणी सुरू झाली. अशा तपासणीत ‘घरी सापडले नाहीत’ म्हणून नाव जाण्याचा धोका असतो, तेव्हा त्याचे नाव आहे ना हे घरच्यांनी पाहावे, नसेल तर फॉर्म ६ भरावा.

भावाचे तसे नाही. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की १९५५ च्या कायद्याप्रमाणे भारताचे संपते आणि मताचा हक्कही जातो. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारे) असले तरी मत देता येत नाही. त्याचे नाव यादीत राहिले असेल तर फॉर्म ७ देऊन काढून घ्या, म्हणजे त्याच्या नावावर दुसरा कुणी मत टाकणार नाही.